मधली पट्टी मोकळी ठेवा

१२ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद लिहावेत तर तुम्ही म्हणाल, वर्षभर कुठे गेले होते. म्हणून नुसतंच भाऊजी लिहिते.

घरात सगळे बरे आहेत, आईही बऱ्या आहेत, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पाकीट पाहून भलतंच मनात यायचं. फोन तुम्ही उचलत नाही. यांचा उचलत नाही ते एक वेळ समजू शकते, पण माझाही नाही. शेवटी तुमचा पत्ता तुमच्या जुन्या खोलीच्या मालकीणबाईंकडून काढला. देताना त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, जणू तुमच्या पोटावर पाय मीच दिला.

हे पत्र यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. उगाच सोंग कशाला करू? "तू लिही, सख्ख्या भावाचं नाही, पण तुझं तो ऐकतो," म्हणाले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी सांगितलेला मजकूर असा: धंदा बरा चालला आहे. शेडमध्ये नवा वजनकाटा आला आहे. माणसं जुनीच आहेत. सगळे तुझी आठवण काढतात.

आता खाली ट्रक लागला म्हणून ते उठून गेलेत, तेव्हा खरं लिहिते. वजनकाटा आला आहे, बाकी सगळ्या थापा.

तुम्ही गेल्यापासून शेडमध्ये भाजी साध्या पिशव्यांत भरतो. निवडायची, धुवायची, पाणी निथळू द्यायचं, पिशवीत भरून सील मारायचं आणि कोल्ड रूममध्ये ठेवायचं, हे सगळं तसंच आहे. पण पिशवी बाजारात मिळते ती, बिनभोकांची, मुकी. तिला आतून घाम सुटतो. पालक तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होतो. वाटाण्यांच्या पिशव्या उशीसारख्या फुगतात आणि फोडल्या की गुत्त्याचा वास येतो. मग यांनी शक्कल काढली. ऑफिसातलं कागदाला भोकं पाडायचं पंच आणलं आणि दिसेल त्या पिशवीला भोकं पाडत सुटले. वास गेला खरा, पण पालकाचा पार पाचोळा झाला, फ्लॉवरचे तुरे पिवळे पडले आणि गाजरं इतकी मऊ झाली की गाठ मारावी. शेडमधल्या बायका तोंड फिरवून हसतात. मीही हसते, पण घरी आल्यावर.

दुकानांसाठी आपल्याकडून माल घेणाऱ्या त्या खरेदीच्या बाई आठवतात ना, ज्यांना कधी हसताना कोणी पाहिलं नाही? त्यांनी तोंडावर सांगितलं आहे, की उन्हाळा लागायच्या आत आठवडाभर टिकणारा माल द्या, नाहीतर आम्ही आमचं बघतो. त्या गेल्या तर शेडला कुलूप लावायचं आणि किल्ली कुठे टांगायची ते ठरवायचं, एवढंच काम उरेल.

तर मुद्दा असा. यांना तुमचा तो रोल हवा आहे. बारीक भोकांच्या प्लास्टिकचा, तुम्ही तुमच्या कंपनीतून आणून दिलेला, आणि ज्याला वर्षापूर्वी यांनी चार लोकांत नावं ठेवली, तोच. त्या प्रकरणापासून कंपनी यांना दारात उभं करत नाही. तेव्हा तुम्ही तिथल्या जुन्या सोबत्यांकडे शब्द टाकावा, असं यांचं म्हणणं. मी विचारलं, "तो रोल सदोष होता ना? त्यानंच माल नासला ना?" तर म्हणाले, "आता सुधारला असेल."

मी भाजी भरणाऱ्याची बायको. प्लास्टिकमधलं मला काय कळतं? पण ज्या रोलपायी तुमची नोकरी गेली तो सुधारला असेल असं म्हणताना यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं मला कळलं.

आई तुमचं नाव काढत नाहीत. तुम्ही विचारणार नाही, म्हणून न विचारताच सांगते.

करायचं असेल तर करा. नाही केलंत तर मी रागावणार नाही. हे रागावतील, पण त्यांना त्यासाठी कारण कधी लागलं आहे?

वहिनी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या खोक्यातला कागद. कोणत्या भाजीला कोणता रोल. वाटाणे आणि फ्लॉवर जोरात श्वास घेतात म्हणून त्यांना जास्त भोकं, गाजराला कमी. माल पुरता गार झाल्याशिवाय सील मारू नका. गार पिशवी उन्हात ठेवू नका, आत पाणी सुटतं. शेवटी रोल कोणाकडे मागायचा त्याचा पत्ता. ना दादांना नमस्कार, ना आईंची चौकशी. तो कागद वाचून हे म्हणाले, "बघ, मनात काही धरून ठेवलं नाही त्यानं." मला तर त्या कागदात धरून ठेवलेलंच दिसलं.

मालकीणबाईंकडून कळलं, की तुम्ही आता कुठल्याशा गोदामात खोकी उतरवून घेता. ऐकून मला जेवण गेलं नाही. भाजी कापली तरी जिवंत असते, पिशवीत बसूनही श्वास घेते, हे हातातला घास हातात ठेवून आम्हाला ऐकवणारा माणूस तुम्ही. अगदी कोंडली तर गुदमरते, अगदी मोकळी सोडली तर सुकते, म्हणून भोकं मोजून पाडायची, असं तुम्ही सांगायचात. मी म्हणायचे, हे तर मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, त्याला कारखाना कशाला काढायचा? आई हसायच्या. तुम्हाला ‘पिशवीवाले’ हे नाव मीच ठेवलं, ते शेडभर झालं. आता ते नाव तिथे वेगळ्या अर्थानं घेतात, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

माल परत आला त्या दिवशी तुम्ही कंपनीच्या कामानं बाहेरगावी होता. तो दिवस तुम्ही यांच्या तोंडून ऐकला असेल. आता माझ्या तोंडून ऐका.

सकाळीच क्रेट परत आले. फ्लॉवर पांढराशुभ्र, वाटाणे हिरवेगार, प्रत्येक पिशवीवर आईंचा फोटो छापलेलं ते नवं लेबल. बघून कोणीही म्हणावं, माल असावा तर असा. यांनी एक पिशवी फोडली आणि शेडमधली माणसं बाहेर पळाली. सडक्या अंड्यांचा वास. खरेदीच्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. आई खुर्चीवर होत्या. लेबल छापून आल्यापासून त्या रोज शेडवर येऊन बसायच्या, जणू त्यांच्याच नावाचं दुकान उघडलं आहे. बाईंनी विचारलं, हे कसं झालं? यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिशवी माझ्या भावाच्या कंपनीची आहे. त्याला विचारा."

आई उठल्या. "माझं तोंड नासक्या मालावर आणून बसवलं त्यानं," म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. पुढे तुम्ही आलात, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि तुम्ही उंबऱ्यातूनच परत गेलात. ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही.

त्या दुपारी यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि परत आलेल्या पिशव्यांवरची लेबलं सोलायला लावली. आईचा चेहरा कचऱ्यात जाता कामा नये, असं म्हणाले. मला यांचं कौतुक वाटलं. मी ओलं फडकं घेऊन एकेक लेबल भिजवत होते आणि चेहरा फाटू नये म्हणून नखानं हळूच सोडवत होते. दुसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीचा माणूस तपासायला आला आणि त्या सोललेल्या पिशव्या घेऊन गेला. तिथल्या यंत्रात त्यांतून हवाच जाईना. भोकं बुजलेली निघाली, आणि तो रोल पास केला होता तुम्ही.

मीही तेव्हा मनात म्हणाले होते, की भाऊजींनी घाई केली असेल. मग यांना कशाला दोष देऊ?

रोल पुढच्या आठवड्यात येतील.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

आज घाईत लिहिते, जेवणाची सुट्टी आहे.

रोल आले. सकाळी पहिला माल भरला. हे स्वतः टेबलाच्या टोकाला उभे राहिले आणि लेबल कुठे लावायचं ते दाखवायला लागले. खाली, उजव्या कोपऱ्यात. सील मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "मागे तर आपण मधोमध लावत होतो. तिथे किती छान दिसायचं." यात चिडण्यासारखं काय होतं? पण हे त्यांच्यावर उखडले. "सांगतो तेवढं करा. मधली पट्टी मोकळी ठेवा."

मी क्रेट घेऊन तिथेच उभी होते. एक रिकामी पिशवी उचलली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तुमची भोकं पिशवीभर असतात अशी माझी समजूत होती. नाहीत. मधोमध वरून खाली एक रांग, सुईच्या टोकाहून बारीक. कोपऱ्यात काही नाही, कोरं प्लास्टिक. आईंचं लेबल केवढं मोठं छापलं होतं ते आठवतं ना? ते मधोमध लावलं, तर त्या रांगेतलं एक भोक उघडं राहत नाही.

तुमच्या या वेळच्या कागदात मधल्या पट्टीचं काही नाही. मी तो पुन्हा वाचला, उलटून पाहिला. मग हे यांना कोणी सांगितलं आणि कधी? मला तेवढं कळवा. दुसरं काही लिहू नका हवं तर.

जाताना दोन पिशव्या फ्लॉवर घरी नेणार आहे. एकीचं लेबल कोपऱ्यात, एकीचं मधोमध, आणि दोन्ही फ्रिजमध्ये मागच्या बाजूला. हसू नका. आता या घरात पिशवीवाली मी आहे.

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. पहिला रोल आणून दिलात त्याच दिवशी सांगितलं होतंत, शेडवर चहा पिताना, यांना. "वाटेल ते छापा, पण मधली पट्टी मोकळी ठेवा." आणि या वेळी परत लिहिलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं ते दादांच्या लक्षात असेलच. होतं की. चांगलं लक्षात होतं.

दोन्ही पिशव्या मी काल काढल्या. कोपऱ्यात लेबल असलेला फ्लॉवर शिजवला. आज तोडून आणावा तसा लागला, तुमच्या हाताला यश आहे. दुसरी पिशवी दिसायला तेवढीच चांगली होती. ती मी न फोडता ताटाशेजारी आणून ठेवली. हे जेवत होते. त्यांनी लेबल पाहिलं, कुठे लावलं आहे ते पाहिलं, आणि म्हणाले, "फोडू नकोस."

पिशवीत काय आहे असं त्यांनी विचारलं असतं, तर भाऊजी, माझ्या मनात अजूनही थोडी जागा होती. त्यांनी विचारलंच नाही. मी फोडली. आम्ही दोघं त्या वासात बसून राहिलो.

मग सगळं बाहेर आलं. तुम्ही सांगितलंत तसं यांनी पहिल्या दिवशी लेबल कोपऱ्यातच लावलं होतं. आईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मला कोपऱ्यात बसवलंस होय रे?" थट्टेनं म्हणाल्या, पण तोंड उतरलं होतं. यांनी लगेच लेबल उचलून मधोमध लावलं. एवढ्याशा कागदानं काय होणार आहे, असं त्यांना वाटलं. आणि माल परत आला, पिशवी फोडली, तेव्हा यांना त्याच क्षणी कळलं की काय झालं आहे. समोर बाई उभ्या, खुर्चीत आई बसलेल्या. खरं सांगायचं म्हणजे आईंच्या हौसेपायी माल नासला असं आईंच्या समोर सांगायचं. ते यांच्या तोंडून निघेना. मग दुसरं निघालं.

लेबलं सोलली तीही त्यासाठीच. कंपनीच्या माणसाला दिसू नयेत म्हणून. आणि भोकं बुजली होती ती त्या लेबलांच्या डिंकानं. मी इतकं जपून सोलत होते, मला तो डिंक बोटाला लागत होता, पण तो कशाला चिकटला आहे हे मला कुठे माहीत होतं?

मी विचारलं, भावाची नोकरी जाईल हे कळलं नाही का? म्हणाले, "मला वाटलं कंपनी मोठी आहे. एवढं पचवेल." मी म्हणाले, पचवलं ना. तुमचा भाऊ गिळला आणि पचवला. मग नोकरी गेल्यावर तरी बोलायचं होतं. तर म्हणे, तोवर उशीर झाला होता. मी यांना नालायक म्हणाले. लग्नानंतर खूप काही म्हणाले असेन, पण हा शब्द कधी वापरला नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि एवढंच म्हणाले, "आईला कळू देऊ नकोस. तिला ते सोसणार नाही."

आता पुढचं ऐका, म्हणजे जगात खऱ्याची काय किंमत आहे ते कळेल. आज सकाळी मी तुमच्या कंपनीत फोन लावला. तुमच्या जुन्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "अरेरे" म्हणाले आणि सांगितलं, की ती जागा केव्हाच भरली, आता जुनं उकरून काय करायचं. मग मी खरेदीच्या बाईंकडे गेले. मला वाटत होतं, या आता आपला माल बंद करतील आणि शेड बुडेल. बुडू दे, असं ठरवूनच गेले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आता लेबल कोपऱ्यात लावता ना?" मी हो म्हणाले. "मग झालं तर." आणि पुढच्या महिन्यापासून माल वाढवून मागितला.

मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. एवढी हिंमत गोळा करून खरं सांगायला गेले, आणि ते घ्यायला कोणी हातसुद्धा पुढे केला नाही. तुमची नोकरी, तुमचं नाव, वर्षभराचं एकटेपण, सगळं त्यांच्या लेखी ‘मग झालं तर’. मी या घरात कोणाशी बोलत नाही. आईंना वाटतं माझं आणि यांचं भांडण झालं आहे, आणि त्या यांची बाजू घेऊन मला दोन शब्द सांगतात.

तुम्हीच सांगा, आता काय करू. तुम्ही म्हणाल ते करीन.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र माझ्या उशीखाली आहे. नोकरी नको म्हणता. दादांनी माफी मागावी असंही नाही म्हणता. फक्त आईला कळू दे, एवढंच. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती ते डोळ्यांपुढून जात नाही, तिला खरं कळलं की ती बोलेल, असं लिहिलंत. हे वाचून मी आईंना सांगायचं ठरवलं. यांना विचारलं नाही.

काल दुपारी आई पालक निवडत होत्या. त्यांना अजून घरच्या कामाची हौस आहे, आणि एकेक पान अशा निरखून बघतात की आपल्या निवडण्याची लाज वाटावी. मी समोर बसले. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून सरळच म्हणाले, "आई, पिशवीत दोष नव्हता. लेबलानं भोकं बुजली होती. धाकट्यांचं काही चुकलं नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, यांनी माझ्या आधी जाऊन सांगितलं. विचारलं, कधीपासून?

"माल परत आला तेव्हापासून. तो मोठ्याला सांगत होता ना, मधली पट्टी मोकळी ठेव म्हणून, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. कान शाबूत आहेत माझे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हातारीला फोटो मधोमध हवा होता म्हणून सगळ्यांचा माल नासला, असं चार लोकांत सांगू? आणि मी घरी आल्यावर मोठा लेबलं सोलत बसला, तेही माझ्या कानावर आलं. मला कळू नये म्हणून सोलत होता. पोरगं माझ्यासाठी एवढं करतंय, तर मी त्यालाच तोंडघशी पाडू?"

"आणि धाकटे?"

तेव्हा मात्र त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. म्हणाल्या, "तो लहानपणापासून खंबीर आहे. त्याला कुठेही टाका, उभा राहतो. मोठ्याचं तसं नाही. आणि मला राहायचंय मोठ्याजवळ."

मी विचारलं, मग ते दारात आले तेव्हा भिंतीकडे तोंड का केलंत? त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे पाहिलं असतं तर सगळं बोलून गेले असते."

भाऊजी, मी त्यांच्यावर ओरडायला म्हणून बसले होते. ओरडता आलं नाही. हे आईंपासून लपवतात, आई यांच्यापासून लपवतात, दोघं एकमेकांना तळहातावरच्या फोडासारखं जपतात. त्यात कोणी वाईट नाही. फक्त दोघांनी जपायचं ठरवलं तेव्हा तुम्ही घरात नव्हता, म्हणून तुम्हाला कोणी जपलं नाही.

मग त्यांनी माझा हात धरला. "त्याला हे लिहू नकोस," म्हणाल्या. "मला आजच कळलं असं लिही. आई फार रडली म्हणावं. ये म्हणते म्हणावं." आणि मोठ्याला यातलं काही बोलू नकोस, हेही सांगितलं.

तसं पत्र मी लिहिलं. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही. या घरात सगळ्यांचं मन सांभाळून राहिले आहे मी. पत्र छान जमलं होतं. तुम्ही ते वाचून पहिल्या गाडीनं आला असतात. आईंनी तुमच्या तोंडावरून हात फिरवला असता, यांनी मान खाली घालून तुमच्या ताटात वाढलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, जाऊ दे दादा, झालं गेलं. सगळ्यांचं सगळं नीट झालं असतं.

फाडलं ते. मी तुमची वैरीण नाही. पण तुम्ही त्या ताटावर बसला असतात, तर घरात आम्हा सगळ्यांना काही ना काही माहीत असतं आणि तुम्हाला एकट्याला काहीच नाही. एकदा तुमच्या पाठीमागे ठरलं, तेव्हा मी अडाण्यासारखी लेबलं सोलत बसले होते. आता कळून-सवरून पुन्हा तेच करायचं, हे माझ्यानं होणार नाही.

तुम्ही मागितलंत ते एवढंसं होतं. तेवढंही मला निखळ देता आलं नाही, याचा राग मला यांच्यावर आहे, आईंवर आहे, आणि असं पत्र लिहायला लागतं म्हणून तुमच्यावरही आहे. पण तो तुम्ही मनावर घेऊ नका.

आई बोलतील तुमच्याशी. तुमच्या फोनची वाटच पाहत आहेत. दुपारी करा, तेव्हा हे शेडवर असतात. त्या रडतील. ते रडणं अगदी खरं असेल, यावर माझा विश्वास ठेवा. आणि रडता रडता म्हणतील, "मला कोणी सांगितलंच नाही रे." तेव्हा हो म्हणायचं की फोन ठेवून द्यायचा, ते तुम्ही ठरवा. मी मधे पडणार नाही.

तुमची
वहिनी